आकड्यांत साठविलेला आवाज

मनुष्याचा आवाज चित्रांच्या फितीवर आकड्यांच्या रूपाने लिहून ठेवावा, ही कल्पना प्रथम ऐकणारास विक्षिप्तच वाटेल. ध्वनीची फीत असताना हा खटाटोप कशाला? कारण सरळ आहे. सेकंदास ध्वनीचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुन्यास शून्य-एकाचे १६ अंक, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. म्हणजे दर सेकंदास चौदा लाखांहून अधिक अंक! हा भार साध्या कॅसेटीस पेलत नाही. व्हिडिओच्या फितीस पेलतो. आणि मौज अशी की, ती फीत कॅसेटीच्या सुमारे निम्म्या वेगानेच सरकत असते. धाव असते ती तिच्यावर तिरक्या फिरणाऱ्या चुंबकीय मुखांची, आपल्याकडील यंत्रांत सेकंदाला २५ फेरे.

सोनी कंपनीने १९७७ साली घरगुती व्हिडिओयंत्रास जोडण्याचे असे पहिले उपकरण काढले व १९८१ साली हाती नेता येईल असे दुसरे. ध्वनीचे अंक ते काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत मांडी. सेकंदास ५० अर्धचित्रे, प्रत्येकात उपयोगी रेषा २९४, दर रेषेवर ३ नमुने: वाचकांनी गुणाकार करून पाहावा! तबकडीच्या आकाराची सीडी १९८२ साली बाजारात आली, तिनेही व्हिडिओकडून आलेला हाच आकडा पत्करला.

चिखलीसारख्या गावी हे उपकरण येण्याचे काही कारण नव्हते. परंतु आमच्या मामांनी १९८६ च्या उन्हाळ्यात ते मुंबईच्या एका स्नेह्याकडून चार दिवसांकरिता मागून आणले. आजोबांचे ज्ञानेश्वरीवाचन त्यांस टिपावयाचे होते. वैशाखात पंखा बंद, दारे-खिडक्या लोटलेल्या, आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही! आजोबा मात्र नित्याप्रमाणे वाचीत राहिले. पुढे ते ऐकताना आम्हांस नवल वाटले ते आवाजाहून दोन ओव्यांमधील शांततेचे. कॅसेटीची ती ओळखीची खरखर नाही. शेजारच्या विहिरीवरील रहाट तेवढा दुरून करकरतो.

आजोबा १९९१ साली गेले. उपकरण तर तेव्हाच परत गेले होते. त्यावाचून ती फीत लावली, तर पडद्यावर नुसते ठिपके थरथरतात. साध्या फितीवरचा आवाज झिजतो, मंदावतो, तरी ओळखू येतो. आकड्यांचा आवाज लहानसहान उणीव स्वतःच भरून काढतो, आणि उणीव फार झाली की एकदम मुका होतो. व्हिडिओयंत्रे करणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्यानेही २०१६ साली ते काम थांबविले. सुदैवाने, त्या ठिपक्यांचे चित्र संगणकावर उतरवून त्यातून ध्वनी वाचण्याची युक्ती काही हौशी मंडळींनी सिद्ध केली आहे.

परंतु त्याकरिता फीत एकदा तरी चालवावी लागते, आणि तिच्या कडेस आता बुरशीचे पांढरे ठिपके दिसू लागले आहेत. आधी ती जाणत्या हातून स्वच्छ करून घ्यावी, मग काय ते करावे, असे आमचे म्हणणे. धाकट्या बंधूंस एवढा धीर नाही. "आईचे वय ८३, दादा," एवढेच ते म्हणतात. यावर आम्हांस उत्तर सुचत नाही, आणि फीतही हातची सोडवत नाही.