दोन कॅरट

दागिन्यांच्या दुकानात बाईमाणसाला आधी 'नाजूक' दाखवतात. २०२५च्या मे-जूनमध्ये आम्ही दोघांनी पुण्यात लक्ष्मी रोडवरची चार दुकानं पालथी घातली. चारही ठिकाणी "साखरपुड्यासाठी सोलिटेअर बघायचंय" म्हटल्यावर काउंटरपलीकडच्या माणसानं माझ्या बोटांकडे नजर टाकली आणि वीस-पंचवीस सेंटच्या अंगठ्यांचा ट्रे पुढे सरकवला. "मॅडम, नाजूकमध्ये हे खूप सुंदर दिसेल." सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग आणि कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. पंचवीस सेंटच्या हिऱ्याचं वजन भरतं ५० मिलिग्रॅम. तापाच्या साध्या गोळीत याच्या दहापट पॅरासिटामॉल असतं.

मला दोन कॅरटचा हवा होता. हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं तेव्हा शेजारी बसलेला माझा होणारा नवरा हसला नाही, याचे त्याला मार्क. दुकानातला माणूस मात्र "अच्छा, अच्छा" करत आत गेला आणि येताना मॅनेजरला घेऊन आला.

आमच्याकडे मोठं हवं असणं हे फ्लॅट आणि पगार एवढ्याच बाबतींत शोभतं. बाईच्या अंगावरची मोठी गोष्ट 'डोळ्यावर येते'. यात एक गंमत आहे. लग्नात गळ्यात चपलाहार, ठुशी, मोहनमाळ सगळं एकदम घातलं तरी ते कुणाच्या डोळ्यावर येत नाही. कारण ते सोनं आहे, म्हणजे बचत आहे. बचत कितीही मोठी असली तरी लाज वाटायचं कारण नसतं. हिरा ही निव्वळ हौस, आणि हौस करायची तर ती लहान करावी, अशी आमची रीत. मावशीनं तर वेगळाच मुद्दा काढला. "हिरा सगळ्यांना लाभत नाही गं, आधी आठ दिवस उशाखाली ठेवून बघतात." आपण प्रयोगशाळेत तयार केलेला घेणार आहोत, असं सांगितल्यावर ती विचारात पडली आणि म्हणाली, "मग काही प्रश्न नाही. तो शुक्राला कळणारच नाही."

मोठाच का, याचं उत्तर मला बऱ्याच जणांना द्यावं लागलं. ऑफिसातल्या मुलांना तर डी बिअर्सच्या जाहिरातीची गोष्ट तोंडपाठ होती. १९४७मध्ये न्यूयॉर्कच्या नव्हे, फिलाडेल्फियाच्या एका जाहिरात संस्थेतल्या फ्रान्सेस गेरेटी नावाच्या बाईनं 'अ डायमंड इज फॉरेव्हर' हे चार शब्द लिहिले आणि साऱ्या जगाला हिऱ्याचं वेड लावलं, वगैरे. (तिनं स्वतः लग्न केलं नाही, हे मात्र यातल्या एकालाही माहीत नव्हतं.) मार्केटिंगला बळी पडू नकोस, असं मला सांगणाऱ्यांपैकी एकानं नुकतीच सनरूफवाली गाडी घेतली होती. पुण्याच्या धुळीत सनरूफ. त्याला कुणी जाहिरातीचा इतिहास ऐकवला नसणार.

माझं उत्तर अगदी साधं होतं. मी दिवसातले नऊ-दहा तास स्वतःचे हात बघते. कोड लिहिताना स्क्रीनखालोखाल सगळ्यात जास्त वेळ नजरेसमोर काय असेल तर कीबोर्डवरची दहा बोटं. मंगळसूत्र समोरच्याला दिसतं, कानातलं समोरच्याला दिसतं, अंगठी जिची तिला दिसते. आणि मोठ्या हिऱ्यातला उजेड वेगळा असतो. लहान हिरा बारीक बारीक लुकलुकतो, मोठ्याचे पैलू मोठे, म्हणून त्यातून रंगांचे रुंद पट्टे निघतात. हे मी एकदा क्लायंटकडच्या एका बाईंच्या हातात पाहिलं होतं. मीटिंग डेटाबेस मायग्रेशनची होती. माझं लक्ष कुठं होतं ते सांगायला नको.

आता हिशोब. खाणीतला, दोन कॅरटचा, वरच्या दर्जाचा गोल हिरा पंधरा लाखांच्या पुढे. तो विषय तिथंच संपला. त्याच्या घरच्यांनी जी रक्कम मनात धरली होती तिच्यात, म्हणजे सव्वा लाखात, खाणीतला अर्ध्या कॅरटचा बसत होता. आणि प्रयोगशाळेतला दोन कॅरटचा, त्याच किंवा त्याहून चांगल्या प्रतीचा, साठ ते ऐंशी हजारांत.

प्रयोगशाळेतला म्हणजे खोटा नव्हे. अमेरिकन डायमंड वेगळा, मोइसनाइट वेगळा. हा कार्बनच. जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९५४ साली प्रचंड दाब आणि उष्णता देऊन तो बनवला गेला. आता दुसरीही पद्धत आहे, तिला सीव्हीडी म्हणतात. हिऱ्याची पातळ चकती बी म्हणून ठेवायची, भोवती मिथेन आणि हायड्रोजनचा प्लाझ्मा, की काही आठवड्यांत थरावर थर चढत हिरा वाढतो. दुकानात टोक टेकवून तपासायचं पेनासारखं यंत्र असतं. ते उष्णता किती भरभर वाहून नेली जाते हे बघतं, आणि दोन्ही हिऱ्यांना सारखंच 'हिरा' म्हणतं. फरक ओळखायला वेगळी उपकरणं लागतात. मी काही पर्यावरणासाठी तो घेतला नाही, हेही सांगून टाकते. 'इको-फ्रेंडली' असं लिहिलेली पत्रकं दुकानात होती, पण ती भट्टी आठवडेच्या आठवडे विजेवर चालते आणि वीज कशातून येते ते मला ठाऊक आहे. परवडला म्हणून घेतला.

होणाऱ्या सासूबाईंना मात्र अर्ध्या कॅरटचा 'खरा' हवा होता. त्यांचं म्हणणं कंजूषपणाचं नव्हतं, उलट होतं. "आम्ही सुनेला लॅबचा घातला असं व्हायला नको. कुणी विचारलं तर काय सांगायचं?" मी म्हटलं, "अहो, लॅबचा आहे असंच सांगू." त्यावर त्या गप्प झाल्या. नंतर मुलाला म्हणाल्या, तुमचं तुम्ही बघा. हा होकार होता की नाही, हे अजून मला नीट कळलेलं नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न आईचा होता. "मोडीत काय येईल?"

हा प्रश्न आईनं सहज विचारलेला नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी बाबांचा पगार चार महिने अडकला होता. ते ज्या साखर कारखान्यात हिशोबाचं काम करायचे तिथं त्या हंगामात कुणालाच वेळेवर पैसे मिळाले नव्हते. फी भरायची तारीख आली तेव्हा आईनं चार तोळ्यांच्या पाटल्या काढल्या, रुमालात बांधल्या आणि सहकारी बँकेत सोनेतारणाला ठेवून आली. संध्याकाळपर्यंत पैसे खात्यात. चौदा महिन्यांनी पाटल्या परत तिच्या हातात. त्या चौदा महिन्यांत तिनं काचेच्या बांगड्या भरल्या आणि विचारणाऱ्याला "त्या जड होतात, काढून ठेवल्यात" असं सांगितलं. तिच्या लेखी दागिना म्हणजे अडीअडचणीला उभा राहणारा माणूस. तो देखणा असला तर उत्तमच.

हिरा तसा उभा राहत नाही. बँक त्याच्यावर कर्ज देताना कुरकुरते, सोनार मोडीत घेताना खड्यांचं वजन वजा करून फक्त सोन्याचा भाव लावतो. दुकानांची स्वतःची 'बायबॅक' योजना असते, ती त्यांच्याच दुकानापुरती, त्यांच्याच अटींवर. खाणीतल्या हिऱ्यावरही विकताना मोठी तूट बसते, आणि प्रयोगशाळेतल्याला तर बहुतेक ठिकाणी विचारतच नाहीत. शिवाय त्याचा भाव वर्षागणिक खाली येतोय. डी बिअर्सनं २०१८ मध्ये स्वतःच 'लाइटबॉक्स' नावानं असे हिरे कॅरटला ८०० डॉलरनं विकायला काढले होते, तेव्हा तो भाव धक्कादायक स्वस्त वाटला होता. २०२५ च्या मे महिन्यात त्यांनी तो ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, तोवर बाजार त्याच्या कितीतरी खाली गेला होता.

मी आईला खरं उत्तर दिलं. "काही नाही येणार." ती म्हणाली, "मग तो दागिना नाही. ती वस्तू आहे." मला हे पटलं आणि तरीही मला ती वस्तू हवी होती. माझ्याकडे पीएफ आहे, एसआयपी आहे, आजारपणाचा विमा आहे. अडचणीला उभं राहायचं काम माझ्या बोटातल्या अंगठीनं करावं अशी आता वेळ नाही, आणि ही वेळ नाही ती त्याच पाटल्यांमुळे. होणारा नवरा मध्यस्थी करायला म्हणाला, "उरलेल्या पैशात आपण सोनं घेऊ." आई म्हणाली, "सोनं तर घ्यालच, त्यात काय सांगायचं?"

हिरा प्रत्यक्ष निवडणं हा प्रकार मला फार आवडला. आपल्याकडे दुकानदार 'ईएफ-व्हीव्हीएस' हे एका दमात म्हणतात, जणू ते गोत्र आहे. ई आणि एफ हे रंगाचे दर्जे. मोजणी डीपासून सुरू होते, कारण ए, बी, सी आधीच्या वेगवेगळ्या पद्धतींत वापरून बोथट झाले होते. व्हीव्हीएस म्हणजे आतले दोष दहापट मोठं करणाऱ्या भिंगाखालीही शोधावे लागतील इतके बारीक. त्याखालचा व्हीएस-१ घेतला तरी नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. मी दुकानदाराला प्रमाणपत्रं झाकायला लावून पाच हिरे पांढऱ्या घडीच्या कागदावर पालथे ठेवायला सांगितले. रंगात मला फक्त एकच वेगळा काढता आला. तो एच होता. ई, एफ आणि जी मला एकमेकांपासून ओळखता येईनात. दुकानदारालाही एकदा चुकला, पण तो म्हणाला ट्यूबलाइट बरोबर नाही.

गंमत म्हणजे त्याच जूनमध्ये जीआयएनं, ज्या संस्थेनं ही डी ते झेड मोजणी रूढ केली तिनं, जाहीर केलं की प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांना यापुढे ही श्रेणी देणार नाही. त्यातले बहुतेक वरच्याच दर्जांत बसतात, मग श्रेणी लावायची कशाला? सगळा वर्गच डिस्टिंक्शनमध्ये आला की मार्कशीटला काय अर्थ उरणार.

मग बघायचं काय? घाट. म्हणजे कोन. गोल हिऱ्याचे सत्तावन्न पैलू कोणत्या कोनात असले म्हणजे वरून आत गेलेला उजेड खालून गळून न जाता पुन्हा वर येईल, याचं गणित मार्सेल तोलकोव्स्कीनं १९१९ मध्ये मांडलं. घराणं हिरे घासणाऱ्यांचं, हा मात्र लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकणारा विशीतला पोरगा. खालचा कोन ४०.७५ अंश, वरचा ३४.५. शंभर वर्षांनंतरही सगळे त्याच आकड्यांच्या आसपास घुटमळतात. माझ्या शिक्षणाचा घरच्या खरेदीत उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ.

वजनातही एक मेख आहे. वजन चौपट झालं तरी व्यास दीडपटीहून जरासाच जास्त वाढतो. अर्ध्या कॅरटचा गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटर, दोन कॅरटचा ८.१. आणि लोक दोन कॅरटच्या नावाला भुलतात हे माहीत असल्यामुळे काही हिऱ्यांचं वजन पोटात लपवलेलं असतं, म्हणजे खोली जास्त ठेवून. एक दोन कॅरटचा आम्ही बघितला, व्यास ७.८ आणि मध्यभागी मंद. प्रमाणपत्रावर तो इतरांपेक्षा वरच्या रंगाचा होता. तो परत केला. घेतला तो १.९६ कॅरटचा, व्यास ८.१, रंग जी, व्हीएस-१. दोनचा आकडा पार केला नाही म्हणून भावात थोडा फरक पडला. होणारा नवरा म्हणाला, "लोकांना दोनच सांगू." मी म्हटलं, एक पॉइंट शहाण्णव सांगायचं.

माझ्या टीममधला एक मुलगा सुरतेचा आहे. त्याचे वडील तीस वर्षं घंटीवर बसले. हिरे घासायच्या चाकाला तिकडं घंटी म्हणतात, एका घंटीभोवती चौघं बसतात आणि मजुरी नगावर मिळते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीनं पन्नास हजार कामगारांना दहा दिवस सुट्टी दिली, कारण खाणीतल्या हिऱ्यांना गिऱ्हाईक नव्हतं. त्या सुमारास त्याचे वडील लॅबचे हिरे घासायला लागले. मी माझ्या हिऱ्याचा फोटो आणि आकडे त्याला दाखवले, त्यानं ते घरी पाठवले. वडिलांचा निरोप आला की घाट चांगला आहे, ज्यानं घासला त्याचा हात बसलेला आहे. आणि लॅबचा की खाणीतला? असं मी विचारलं, तर म्हणाले, "घासताना दोन्ही सारखेच कडक. फरक मजुरीच्या दिवशी कळतो." यावर मला काही बोलता आलं नाही. मी घेतलेला स्वस्तपणा कुठून कुठून येतो त्यातला एक रस्ता त्यांच्या घरावरून जातो.

अंगठी घडवायला टाकताना आईला सोबत नेलं. अठरा कॅरटच्या सोन्यात करायची म्हटल्यावर तिनं बॅग मांडीवरून काउंटरवर ठेवली. "अठराचं? म्हणजे रुपयात चार आणे खोट!" कारागिरानं तिला समजावलं की बावीसचं सोनं मऊ, त्याच्या नख्या वाकतात आणि खडा निसटतो. एवढ्या मोठ्या खड्याला चारऐवजी सहा नख्या लावू, आणि वर्षातून एकदा आणून दाखवा. नख्या मोजून तिचं थोडं समाधान झालं. मग त्यानं हिरा चिमट्यात धरून भिंग तिच्या हातात दिलं आणि कड बघायला सांगितली. तिथं लेझरनं अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात.

आईनं एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. "एल जी... हे काय, गाडीसारखा नंबर घातलाय?"

"लॅब-ग्रोनचं एलजी," मी म्हटलं. "उद्या कुणी हा खाणीतला म्हणून विकू नये म्हणून."

"अस्सं," ती म्हणाली, आणि पर्समधून पेन काढून तो नंबर तिनं आपल्या छोट्या डायरीत, सोन्याच्या पावत्यांच्या पानावर, उतरवून घेतला.