काळं ऑईल, पांढरं ऑईल

आमचे वडील मोटारसायकलवर मागं बसायलासुद्धा भ्यायचे, पण वंगणाची जाण त्यांना भल्याभल्यांपेक्षा जास्त होती. उसाची गाडी भरली की आखाला वंगण घातल्याशिवाय ते बैल जुंपायचे नाहीत. चाक कुरकुरायला लागलं की म्हणायचे, "बैलाला बोलता येत न्हाई, म्हणून चाक बोलतंय."

पुढं विहिरीवर डिझेल इंजिन आलं. आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. किर्लोस्करवाडी तिथनं सायकलच्या अंतरावर. बेळगाव सोडून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या त्या माळावर कारखाना काढला आणि आमच्या भागात नांगर, पंप, इंजिन हे शब्द घराघरात शिरले. त्यामुळं इंजिनाचं ऑईल ठरलेल्या वेळी बदलायचं असतं हे वडिलांना कुणी शिकवायला लागलं नाही. विहिरीवरचं इंजिन जागचं हलत नाही, त्याला किलोमीटर कसले मोजणार? ते किती तास चाललं ते बघायचं. वडील इंजिनखोलीच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायचे. रेघा भरल्या की ऑईल खाली आणि नवीन वर. दहावीपर्यंत शिकून मी शेतात आलो तेव्हा त्या रेघा मोजायचं काम माझ्याकडं आलं.

मग गावात राजदूत आली. दूधवाल्यांची लाडकी गाडी. दोन्ही बाजूला किटल्या, मध्ये माणूस, मागं निळा धूर. ती टू-स्ट्रोक. तिच्या पेट्रोलातच ऑईल मिसळायचं, ते पिस्टनला वंगण देऊन पेट्रोलाबरोबर जळून जायचं. म्हणजे तिथं इंजिनाचं ऑईल बदलायचा प्रश्नच नव्हता, जळालेलं काय बदलणार? गिअरबॉक्सचं ऑईल तेवढं वेगळं असायचं, तेही बदलायची आठवण कुणाला होत नसे.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली आणि चार-स्ट्रोक गाड्या गावात दिसायला लागल्या. तिची जाहिरात होती, टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. ते सांगणं पेट्रोलबद्दलचं होतं. गाडी एवढी कमी पेट्रोल पिते, असा त्याचा अर्थ. आमच्या लोकांनी ते ऑईललाही लावलं. राजदूतची सवय झालेल्या माणसाला हे पटतच नव्हतं, की ह्या गाडीच्या पोटात खाली लिटरभर ऑईल साठलेलं असतंय, तेच तेच फिरून वापरलं जातंय आणि म्हणून ते थकतंय. वर्ष-वर्ष नट उघडायचा नाही. मग एक दिवस इंजिनातनं खडखड, सायलेन्सरमधनं धूर आणि मिस्त्रीचा निकाल, "हाफ इंजिन करायला लागंल." दोन पोती शेंगा विकून इंजिन करून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता कुठलं ऑईल घालायचं, हा दुसरा घोळ. डब्यावर लिहिलेलं असतं १० डब्ल्यू ३०, नाहीतर २० डब्ल्यू ४०. आमच्या पारावर ह्याचा अर्थ एकानं असा लावला होता की चाळीसवालं चाळीस डिग्री उन्हाला चालतं. सांगलीचं ऊन बेचाळीसला जातं, तेव्हा त्याहून जाड काय मिळतंय का बघा! त्या आकड्यांचा उन्हाच्या डिग्रीशी संबंध नाही. पहिला आकडा आणि डब्ल्यू हे थंडीतलं वागणं सांगतात. आकडा जेवढा कमी, तेवढं गार इंजिनात ऑईल लवकर पळतं आणि वरच्या भागाला पोचतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा जाडपणा सांगतो. पहाटे चारला दुधाला जाणाऱ्या माणसाला पहिला आकडा महत्त्वाचा, कारण इंजिनाची झीज सगळ्यात जास्त पहिल्या किकनंतरच्या त्या थोड्या वेळात होते, ऑईल वर पोचेपर्यंत. तेव्हा जाड ते चांगलं हा समज सोडून द्यावा. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घालावं. ते पुस्तक घरात सापडत नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्याकडं ते गाडीच्या पूजेच्या दिवशी शेवटचं दिसतं.

डब्यावर आणखी एक लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. जासो एम.ए. हा जपानी लोकांनी ठरवलेला दर्जा. मोटारीचा क्लच कोरडा असतो, इंजिनाच्या ऑईलशी त्याचा संबंध येत नाही. आपल्या मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच तिघं एकाच ऑईलमध्ये न्हात असतात. ऑईल लई गुळगुळीत असलं तर इंजिन खूश, पण क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरेनात. एम.ए. लिहिलेलं ऑईल ओल्या क्लचसाठी बनवलेलं असतं.

माझी बहीण पाटण तालुक्यात दिलीय. तिचा मुलगा दुसऱ्याची मोटार चालवायचा. मोटारीचं उरलेलं भारीतलं ऑईल त्यानं आपल्या मोटारसायकलीत ओतलं, फुकटचं आणि वर महागाचं म्हणून. दोन-चार दिवसांनी बायकोला मागं बसवून सडावाघापूरचा घाट चढायला गेला. पवनचक्क्या दिसायला लागल्या आणि गाडीनं बळ सोडलं. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतंय, गाडी मात्र म्हशीसारखी रेंगाळतीय. त्यानं मला फोन केला.

"मामा, गाडी म्हातारी झाली का वो?"

"ऑईल कुठलं घातलंस?"

"चांगलं घातलंय. मोटारीचं!"

मी म्हटलं, "तिथंच ठेव गाडी, आन् पोरीला आधी उतरव."

ऑईल काढून बरोबरचं घातलं आणि त्याच्या नशिबानं प्लेटा वाचल्या. जळल्या असत्या तर नवीन टाकाव्या लागल्या असत्या.

किती दिवसांनी बदलायचं, ह्यावर माझं मत ठाम आहे. पुस्तकातले किलोमीटर डांबरी रस्त्यावर एकटा माणूस जातो, त्या हिशेबाचे असतात. माझ्या पुतण्याची गाडी वेगळं जगते. दोन किटल्या भरलेल्या, मळ्यामळ्यात थांबायचं, पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला. उन्हाळ्यात पाणंदीतला फुफाटा, पावसाळ्यात चिखल. शिवाय तिचा मीटर चार वर्षं बंद. गावातल्या निम्म्या गाड्यांचा बंदच असतो. मग मी त्याला वडिलांच्या रेघांसारखी युक्ती दिली. डेअरीचं बिल दहा दिवसांनी निघतं. दर आठव्या बिलाला ऑईल. मधल्या काळात दर बिलाला गाडी डबल स्टँडवर उभी करायची, थोडा वेळ चालवून बंद करायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि झाकणाची काडी पुसून परत घालून बघायची. काडी आटे न फिरवता नुसती टेकवायची, नाहीतर माप खोटं येतं. दोन खुणांच्या मध्ये ऑईल असलं की झालं.

काळं झालं म्हणजे वाईट झालं, असंही नाही. ऑईलचं एक काम इंजिनातली काजळी आपल्यात धरून ठेवणं हे आहे. भांडी घासल्यावर पाणी काळं होतं, तसं. महिन्यात काळं झालं तर घाबरू नये. घाबरायचं ते पांढऱ्याला.

पांढरं ऑईल काय असतं, ते आम्ही २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. त्या पुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. तिथं धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. आमच्या गावातनं जनावरं आणि माणसं निघाली, गाड्यांना कोण विचारतो? पुतण्याची गाडी वाड्याच्या सोप्यात सहा दिवस पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर लोक गाळ तुडवत घरात शिरले आणि पहिलं काम काय केलं असेल, तर गाडीला किक मारली. माणसाचा स्वभाव. भिंत पडली ती बघवत नाही, गाडी चालू झाली तर जरा बरं वाटेल.

आमच्या गल्लीतल्या एकानं उतारावरनं ढकलून गाडी चालू करायला बघितली. सिलिंडरमध्ये पाणी होतं. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला आणि सगळं इंजिन खोलावं लागलं. ते बघून मिस्त्री गल्लीच्या तोंडाला उभा राहून ओरडत होता, "किकला हात लावायचा न्हाई! पाय बी लावायचा न्हाई!"

आमची गाडी पुतण्यानं हात न लावता ठेवली होती. मिस्त्रीनं खालचा नट काढला. आधी नुसतं गढूळ पाणी आलं, मागनं ऑईल. पाणी जड, ते तळाला बसतं. ज्यांनी इंजिन फिरवलं होतं त्यांच्या गाडीतनं मात्र दुधाच्या चहासारखं, कुणाचं तर लोण्यासारखं पांढरं निघत होतं. पाणी आणि ऑईल घुसळून एक झालेलं. असलं ऑईल वंगणाचं काम करत नाही, वर आतल्या लोखंडाला गंज चढवतं. आमच्या गाडीचा प्लग काढून किक मारली तेव्हा भोकातनं पाण्याची चूळ उडाली. मग प्लगच्या भोकात जरासं ऑईल, टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून धुतले, हवेची जाळी बदलली. नवीन ऑईल घालून पाच मिनिटं चालवली आणि परत काढलं. आलं ते पांढरट. परत घातलं, परत काढलं. तिसऱ्या वेळी चांगल्या रंगाचं आलं.

म्हणजे तीन लिटर ऑईल एका गाडीला, आणि गावात गाड्या दोन-अडीचशे. जवळच्या बाजारातली दुकानंच पाण्यात गेलेली. पुतण्या दुसऱ्याच्या गाडीवर कराडला जाऊन ऑईल घेऊन आला. तसल्या दिवसांत वाटेवर सुटं ऑईल विकणारे उभे राहतात, ओळखीच्या कंपनीच्या जुन्या बाटलीत भलतंच भरून. झाकणाचं सील बघून पक्क्या दुकानातनंच त्यानं घेतलं, दोन पैसे जास्त गेले तरी. तेव्हापासून आमच्या घरात रिकामी बाटली भोक पाडल्याशिवाय भंगारात जात नाही.

किटल्यांचं दूध तोवर थांबलेलंच होतं. म्हशी माळावर, वैरण दुसऱ्या गावची. अकराव्या दिवशी पुतण्या डेअरीला गेला, तेव्हा दोन किटल्यांत मिळून आठ लिटर दूध होतं.

काढलेलं ऑईल पूर्वी आम्ही नांगराच्या फाळाला, दाराच्या बिजागरीला, वाळवी लागू नये म्हणून खांबाच्या बुडाला लावायचो. त्या आठवड्यात एवढं निघालं की लोक ओढ्यात ओतायला लागले. मिस्त्रीनं आणि पोरांनी दोन पिंपं आणून ते त्यात साठवलं आणि जळकं ऑईल विकत घेणाऱ्याला दिलं. ओढा शेवटी कृष्णेलाच मिळतो आणि खालच्या गावाच्या नळाला कृष्णेचंच पाणी येतं.

२०२१ च्या जुलैत पाणी परत आलं. ह्या वेळी म्हशी माळावर पोचवून पुतण्या माघारी आला आणि गाडी घेऊन गेला. किटलीच्या कडीला एक पिशवी बांधलेली होती. मी विचारलं, "आरं, त्यात काय हाय?" तर म्हणाला, "आप्पा, पाना, प्लग आन् तीन लिटर ऑईल."