आठव्या फॅक्टरची गोष्ट

आमच्या विंगमध्ये दाढी करताना कोणाला कापलं की एक जण हमखास ओरडतो, "अरे, फॅक्टर आण रे!" हा विनोद माझ्यामुळे सुरू झाला आणि मला तो मनापासून आवडतो. कारण विनोद करायला आधी विषय माहीत असावा लागतो. आमच्या विंगला तो माहीत आहे. बाकीच्या होस्टेलसाठी हा लेख.

मला हिमोफिलिया आहे. 'ए' प्रकारचा, सिव्हिअर. रक्त गोठण्याचं काम शरीरात बरीच प्रथिनं मिळून करतात, एकाने दुसऱ्याला चालना द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. त्यातलं 'फॅक्टर आठ' नावाचं प्रथिन माझ्याकडे एक टक्क्याहूनही कमी आहे. बाकी मशीन व्यवस्थित, एक पार्ट शॉर्ट!

लोकांना वाटतं, टाचणी टोचली की हा गेला. तसं काही नसतं. माझं रक्त तुमच्यापेक्षा जोरात वाहत नाही, फक्त जास्त वेळ वाहतं. खरा त्रास दिसत नाही. गुडघा, घोटा, कोपर यांच्या आत रक्त साचतं आणि सांधा हळूहळू खराब होतो. डोक्याला मार लागला तर मात्र खरोखर घाई करावी लागते.

मी गुहागरचा. रांगायला लागलो तसे अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले. आजीने व्याडेश्वरापुढे नारळ ठेवला आणि बाबांनी मला घेऊन एस्टीने मुंबई गाठली. दोन्ही झालं ते बरंच झालं. निदान कळल्यावर आईने घरातला अडकित्तासुद्धा कपाटात ठेवून दिला! पोफळीवर चढणं बंद, जांभ्याच्या पाखाडीवरून पळणं बंद. मग डॉक्टरच म्हणाले, "पोहू दे त्याला. स्नायू बळकट झाले तर सांधे सांभाळले जातील." वाडीतल्या विहिरीत मी पोहायला शिकलो. शाळेत शेवटपर्यंत पी.टी.च्या तासाला सावलीत बसलो, पण विहिरीत मला कोणी हरवू शकलं नाही. आठवीत स्वतःच्या शिरेत फॅक्टर घ्यायला शिकलो आणि मग घराबाहेर राहायची भीती संपली. म्हणून तर आज होस्टेलवर आहे.

आता अवघड भाग. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता पन्नास टक्के आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही तेवढीच. उद्या मला मुलगे झाले तर त्यांना माझ्याकडून हा आजार येणार नाही, मुली मात्र सगळ्या वाहक असतील. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तर आधी कोणालाच हा आजार नसतो. हे गणित गावात कोणाला सांगणार? "आईच्याच घराण्यात काहीतरी असणार," हे ऐकून ऐकून आई गप्प झाली. ताईसाठी स्थळं बघायला लागले तेव्हा घरात ठरलं, बाहेर बोलायचं नाही.

ताईने ते मानलं नाही. वाहक बाईचा स्वतःचा फॅक्टरही कमी असू शकतो आणि बाळंतपणात आई-बाळ दोघांची काळजी घ्यावी लागते. ती म्हणाली, "लपवून लग्न झालं आणि तिथल्या डॉक्टरला काही माहीतच नसलं, तर?" परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे, तिथे तिने तपासणी करून घेतली. ती वाहक निघाली. बघायला आलेल्या मुलांना तिने स्वतः सांगितलं. पहिल्याचा पुन्हा फोन आला नाही. दुसऱ्याने दोन तास प्रश्न विचारले. तेच आमचे भावोजी!

ताईसारखंच न लपवणारी माणसं आणखीही होऊन गेली. मॉन्ट्रियलचे फ्रँक श्नाबेल स्वतः सिव्हिअर हिमोफिलियाचे रुग्ण. त्यांनी १९६३ मध्ये जागतिक हिमोफिलिया महासंघ स्थापन केला. १७ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून तोच जागतिक हिमोफिलिया दिन. आपल्याकडे अशोक बहादुर वर्मा यांनी, तेही रुग्णच, १९८३ मध्ये दिल्लीत भारतीय संघटना उभी केली. आज दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये हिमोफिलियाचं नाव आहे, ते आपोआप आलेलं नाही. आजाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी तोंड उघडलं म्हणून आलं.

तर मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमचा रूममेट असेल तर एवढं लक्षात ठेवा. सांधा सुजला तर बर्फ आणि विश्रांती. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन नको. डोक्याला लागलं तर "बघू सकाळी" म्हणायचं नाही. आधी फॅक्टर, मग स्कॅन. आणि दया अजिबात नको, सबमिशनच्या आदल्या रात्री ड्रॉइंग शीट द्या!

लेख देण्याआधी ताईला फोनवर वाचून दाखवला. म्हटलं, "तुझा भाग काढू का?" ती म्हणाली, "नाव घालू नकोस. बाकी सगळं राहू दे." मग फोन आईने घेतला. थोडा वेळ काहीच बोलली नाही. नंतर म्हणाली, "अंक छापून झाला की दोन प्रती जास्त आण. शेजारी द्यायच्या आहेत."