आधी मर्यादा, मग कीबोर्ड



साडीचा पोत कसा बघायचा, डाळीतली कीड कशी ओळखायची, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण नातू म्हणाला, "दादी, मला मेकॅनिकल गेमिंग कीबोर्ड पाहिजे," की आपण एकतर पैसे काढून देतो, नाहीतर "काही गरज नाही" म्हणून मोकळ्या होतो. वस्तू काय आहे ते बघतच नाही. यावेळी मी नीट बघितलं. आज ना उद्या तुमच्याही घरी ही मागणी येणार, म्हणून लिहिते.

माझा नातू बी.कॉम.ला आहे. दुपारी एका कर सल्लागाराकडे टॅलीचं काम शिकतो, थोडं काम घरी आणतो आणि रात्री मित्रांबरोबर गेम खेळतो. त्याने साठवलेले दीड हजार आणि माझे दीड हजार, असे तीन हजार ठरले. आपल्या बारा व्रतांतलं पाचवं परिग्रह परिमाण. त्याचा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आधी मर्यादा बांधायची, मग वस्तूकडे बघायचं. आधी वस्तू बघितली की मर्यादा तिच्या मागे धावते. मोबाईलवर एक तास बघत बसलं की तीनचे पाच हजार कधी होतात, कळतही नाही.

आता वस्तू. साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराचं एक पातळ पांघरूण असतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, आत छोटी स्प्रिंग. त्यामुळे बटण दाबल्याचं बोटाला नीट समजतं आणि तो टिकतोही जास्त. हजाराच्या आत "मेकॅनिकल फील" असं लिहिलेले कीबोर्ड मिळतात. त्यातले बहुतेक आतून रबराचेच असतात, वरून रंगीत दिवे. 'फील' हा शब्द दिसला की सावध व्हायचं.

हे स्विच जर्मनीच्या चेरी कंपनीने 1980च्या दशकात आणले. त्यांच्या पेटंटची मुदत संपल्यावर चिनी कंपन्या तसेच स्विच बनवू लागल्या आणि किंमत आपल्या आवाक्यात आली. रंगावरून त्यांचा स्वभाव ओळखतात. निळा स्विच टक्‌ टक्‌ वाजतो. तपकिरी दाबताना बोटाला हलकासा अडथळा लागतो, पण टक्‌ आवाज येत नाही. लाल सरळ खाली जातो, हलका असतो, म्हणून गेम खेळणाऱ्यांना आवडतो. निळ्याचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. सरकारी कचेरीत, डीटीपीच्या दुकानात वर्षानुवर्षं दिसणारा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड आठवा. आमच्या पिढीत ज्यांनी गोदरेजच्या टाइपरायटरवर टायपिंगचा क्लास केला, त्यांना तर तो आवाज माहेरचाच वाटेल.

नातवाला निळाच हवा होता, मित्रांकडे तोच आहे म्हणून. मी म्हटलं, "बाळा, माझी सामायिक 48 मिनिटांची. भिंतीपलीकडे तुझी टकटक चालली तर माझं मन नवकारात राहील की तुझ्या बटणांत?" तो हसला. मग म्हणाला, "ठीक आहे दादी, तपकिरी घेऊ." तपकिरी अगदी मुका नसतो, बटण तळाला लागल्याचा आवाज येतोच. पण तेवढा चालतो.

दुसरा वाद आकाराचा. गेमवाल्यांना लहान कीबोर्ड आवडतात, उजव्या हाताला माऊससाठी जागा राहते म्हणून. पण लहान कीबोर्डात आकड्यांचा वेगळा गठ्ठा नसतो. टॅलीत दिवसभर आकडे टाकायचे, एफ-5ला पेमेंट, एफ-8ला विक्री. वरच्या ओळीतून आकडे टाकत बसला तर काम दुपटीने लांबेल. कॉमर्स शिकलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही! म्हणून 104 बटणांचा पूर्ण कीबोर्ड ठरला.

मग पैसे कुठे वाचवायचे? वायरलेस नको. ते महाग पडतं आणि चार्जिंगची कटकट वेगळी. सतरा रंगांचे दिवे नकोत, एकरंगी पुरे. एका गोष्टीला मात्र कात्री लावायची नाही. ती म्हणजे 'हॉट-स्वॅप', म्हणजे बिघडलेला स्विच चिमट्याने काढून नवा बसवता येणं. एक बटण गेलं म्हणून अख्खा कीबोर्ड कचऱ्यात टाकायचा नाही. मला हाही अपरिग्रहच वाटतो. फक्त त्यात कोणत्या कंपनीचे स्विच बसतात ते आधी विचारून घ्या, काही स्वस्त कीबोर्डात सगळे बसत नाहीत. गेमसाठी विचारायची गोष्ट एकच: तीन-चार बटणं एकदम दाबली तर सगळी नोंदली जातात का. साध्या कीबोर्डात काही वेळा एखादं बटण गळतं.

बेलापूरहून श्रीरामपूर जवळ, तिथल्या दुकानात आम्ही गेलो. मोबाईलवर फोटो दिसतो, बोटाला काय लागतं ते दिसत नाही. जीएसटीचं पक्कं बिल घेतलं, वॉरंटीसाठी ते लागतं. सगळं मिळून 2,750 रुपये झाले.

आता मनातली गोष्ट. गेममध्ये बंदुका आहेत. पडद्यावर कोणताही जीव मरत नाही, द्रव्यहिंसा नाही हे खरं. पण भावहिंसेचं काय? "मार, मार" म्हणताना मनात काय उठतं? मी हे त्याला रागावून नाही, सरळ विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादी, तेव्हा मला फक्त जिंकायचं असतं." मला हे उत्तर पूर्ण पटलेलं नाही, पण ते प्रामाणिक आहे. पर्युषणाचे आठ दिवस गेमला हात लावणार नाही, हे त्याने आपणहून सांगितलं. बंदी घातली असती तर तो मित्राच्या घरी जाऊन खेळला असता आणि हे बोलणं कधी झालंच नसतं.

जयणेचा एक नियम मात्र माझा. कीबोर्डाशेजारी खाणं नाही. बटणांच्या फटीत फरसाणाचा कण पडला की मुंग्या आल्याच, आणि मग बटण दाबताना त्यांचा जीव जातो. बटणांच्या टोप्या काढता येतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी मऊ ब्रशने, पुंजणीसारख्या हलक्या हाताने, झाडून घ्यायचं. हे काम त्याचं, माझं नाही.

जुना कीबोर्ड चालू होता. घरात एक वस्तू आली की एक बाहेर जाते, हा आमच्याकडचा रिवाज. शेजारची मुलगी राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंगच्या परीक्षेची तयारी करते आहे. नातवाने तो पुसून, तिच्या संगणकाला जोडून, चालतोय ना हे बघून दिला.