अंगठा

स्टॅम्पपॅडवरचा अंगठा नीट उमटवून घेणं हे हातातलं कसब आहे. मला ते आमच्या बँकेतल्या एका जुन्या शिपायाने शिकवलं. अंगठा दाबायचा नाही, लोळवायचा. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकदाच, मागे न आणता. शाई जास्त झाली की नुसता जांभळा डाग पडतो आणि रेघा बुजतात. कमी झाली की मधला भोवरा तेवढा उमटतो, कडा कोऱ्याच राहतात. गिऱ्हाइकाने आपल्या हाताने उठवला तर हमखास फिसकटतो, कारण माणूस बँकेत आला की उगाच जोर लावतो. म्हणून त्याला हात सैल सोडायला सांगायचं आणि अंगठा आपण धरायचा. आमच्याकडची रीत म्हणजे पुरुषाचा डावा, बाईचा उजवा. शेजारी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' किंवा उजव्या हाताचा, असं जे असेल ते लिहायचं, मग नाव, आणि खाली ओळख देणाऱ्याची सही.

सांगली जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत मी 1984 साली क्लार्क म्हणून लागले. द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या बायका, हळदीच्या पेठेतले हमाल, कारखान्याच्या हंगामात येणारे ऊसतोड कामगार, असे कितीतरी खातेदार अंगठेवाले. त्यांच्यासाठी नियम वेगळे. चेकबुक नाही, पासबुकावर फोटो, आणि पैसे काढायला दर वेळी स्वतः हजर. खातेदार बाळंतीण असली तरी ती यायची, मांडीवर बाळ घेऊन.

नव्वदच्या दशकात गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले आणि आमच्या काउंटरवर एक वेगळीच पंचाईत उभी राहिली. बायका सही शिकून येऊ लागल्या. आता अंगठा नको, सही करणार. आम्ही आनंदाने नमुना सहीचं कार्ड बदलून द्यायचो. पण ती सही म्हणजे पाठ केलेलं चित्र असायचं. वर्गातल्या पाटीवर जमलेलं चित्र काउंटरच्या अरुंद फळीवर, मागे रांग उभी असताना, कसं जमणार? एकदा 'सुशीला'मधली वेलांटी जायची, एकदा आडनावातलं शेवटचं अक्षर खालच्या ओळीत उतरायचं. नियमाप्रमाणे सही जुळत नाही म्हणून व्हाउचर परत करायला हवं. एका बाईंना मी हळूच म्हटलं, "मावशी, आज अंगठाच देता का?" तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तो प्रश्न मी पुन्हा कुणालाही विचारला नाही. अंगठाबहाद्दर ही आपल्याकडे शिवी आहे, आणि ती त्यांनी जन्मभर ऐकलेली. पासिंग ऑफिसर सही पाहायचे, मग काचेतून बाहेर बसलेल्या बाईंकडे पाहायचे, आणि व्हाउचर पास करायचे.

खरं सांगायचं तर अंगठाही आम्ही असाच पास करत होतो. इतक्या वर्षांत व्हाउचरवरचा ठसा कार्डावरच्या ठशाशी भिंग घेऊन ताडताना मी कुणालाही पाहिलं नाही. ते आमचं शिक्षणच नव्हतं. आम्ही फोटो पाहायचो, तोंड पाहायचो, चार प्रश्न विचारायचो. धाकटा कुठं असतो, बैल विकला का. त्यात सगळी तपासणी होऊन जायची. ठसा कागदावर राहायचा तो पुढे कुणी 'मी पैसे नेलेच नाहीत' म्हणालं तर दाखवायला.

ठशांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा कळलं, की सुरुवातसुद्धा अशीच झाली. विल्यम हर्शेल हा इंग्रज अधिकारी 1858 साली बंगालमध्ये जंगीपूरला होता. रस्त्याच्या खडीचं कंत्राट त्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला दिलं आणि करारावर सहीबरोबर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पंजा ओळखण्यासाठी नव्हे, तर पुढे सही नाकारायची त्याला भीती वाटावी म्हणून. हे हर्शेलने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे 1877 च्या सुमारास हुगळीला त्याने पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, कारण मेलेल्या माणसाची पेन्शन भलताच उचलत असे. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. ठसे वर्गवार लावण्याची जी पद्धत जगभर एडवर्ड हेन्रीच्या नावाने चालते, तिचं बरंचसं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्याच्या हाताखालच्या दोघांनी बसवलेलं. नाव मात्र साहेबाचं. बँकेत राहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

त्याआधी आपल्याकडे महजरांवर, म्हणजे गावसभेच्या निवाडपत्रांवर, निशाण्या असत. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. चार गावकऱ्यांसमोर ती खूण काढली की झालं, कारण हा नांगर कुणाचा हे सांगणारे तिथेच बसलेले असत. आणि दहा बोटांचे ठसे द्यायचे की नाहीत, या तंट्यातून तर दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रह जन्मला. ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांवर ठशांसकट नोंदणीची सक्ती आली आणि 11 सप्टेंबर 1906 ला जोहान्सबर्गच्या सभेत ती न मानण्याची शपथ घेतली गेली. हे मी एकदा बँकेच्या गॅदरिंगच्या भाषणात सांगितलं होतं. कुणाला फारसं रुचलं नाही, जेवणाची वेळ झाली होती.

मधल्या काळात संगणक आले. त्या काळाबद्दल एवढंच सांगते, की तिजोरीच्या दोन चाव्या दोन माणसांकडे असत, एकाने दुसऱ्याला चावी दिली तर चार्जशीट, आणि त्याच शाखेत साहेबांचा पासवर्ड, म्हणजे त्यांच्या मुलीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, चहावाल्या पोऱ्यालाही ठाऊक असे.

मग आधार आलं. 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आमच्या गावात शिबिर लागलं ते शाळेच्या वर्गात. तिथे प्रथमच मी अंगठा खरोखर तपासला जाताना पाहिला, आणि तो तपासला जाताच कळलं की निम्म्या बायकांना अंगठाच नाही. खुरप्याने, कोयत्याने, सिमेंटने, धुण्याच्या सोड्याने रेघा झिजून गेलेल्या. यंत्रावरचा मुलगा बिचारा ओल्या फडक्याने एकेक बोट पुसायचा, काचेवर ठेवायचा, वरून दाबायचा. आमच्या शिपायाने पाहिलं असतं तर त्याला बाजूला सारून म्हणाला असता, अरे लोळव. पुढे रेशनच्या दुकानात तीच काच आली आणि बायका खोबरेल तेलाचं बोट घेऊन रांगेत उभ्या राहायला शिकल्या.

माझा अंगठाही गेला. निवृत्त झाल्यावर पेन्शनसाठी, म्हणजे जिला पेन्शन म्हणताना हसू येतं त्या रकमेसाठी, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो आधारवर संगणकातून देता येतो. केंद्रावरचं यंत्र माझं बोट काही केल्या घेईना. नोटा मोजून झिजलं असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं असो नसो, ऐकायला बरं वाटतं. आता मोबाइलसमोर डोळ्यांची उघडझाप करून मी हयात असल्याचं सिद्ध करते.

इथपर्यंत तक्रार करावी असं काही नाही. पोटाला लागणारं धान्य अडलं तर ते मोठंच दुखणं, पण अंगठा न जुळण्याचं दुखणं निदान दिसतं तरी. खरी भीती अंगठा जुळण्याची आहे.

आमच्या शेजारी एक आजी एकट्या राहतात. निराधार योजनेचे पैसे त्यांच्या खात्यात येतात. ते काढायला त्या बँकेत जात नाहीत, चौकातल्या दुकानात बँकेचा प्रतिनिधी बसतो त्याच्याकडे जातात. आधार क्रमांक, बँकेचं नाव, अंगठा. ना कार्ड, ना पिन, ना सही. सोय म्हणून विचाराल तर नंबर एक. मैलोन्मैल बँक नसलेल्या गावात तर देवासारखी. एकदा पासबुक भरून आणल्यावर आजींनी ते मला वाचायला दिलं. त्यात दहा हजारांची एक रक्कम होती, जी त्यांनी काढलीच नव्हती. आम्ही शाखेत गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने स्क्रीन पाहिला आणि म्हणाला, "आजी, अंगठा तुमचाच जुळलाय."

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. अंगठा जुळला म्हणजे आजी तिथे होत्या, हे कुणी सांगितलं? आमच्या वेळी अंगठा कुणी जुळवत नव्हतं, पण आजी समोर बसल्या आहेत हे आम्ही पाहत होतो. आता यंत्र फक्त अंगठा पाहतं. आणि अंगठ्याची नक्कल होते हे काही गुपित नाही. योकोहामाच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी 2002 मध्येच जिलेटिनची बोटं करून बाजारातली ठसायंत्रं फसवून दाखवली. 2014 मध्ये जर्मनीतल्या एका हॅकरने संरक्षणमंत्रीणबाईंच्या नुसत्या छायाचित्रांवरून त्यांच्या अंगठ्याचा ठसा तयार केला. आपल्याकडे इतकीही हुशारी लागत नाही. खरेदीखताच्या नकलेवर ठसा स्वच्छ उमटलेला असतो, तिथून उचलून रबराचे अंगठे बनवणाऱ्या टोळ्या निरनिराळ्या राज्यांत पोलिसांनी पकडल्या आहेत. अमेरिकेत 2015 साली सरकारी नोकरांच्या माहितीवर दरोडा पडला, त्यात सुमारे 56 लाख लोकांचे ठसे गेले. पासवर्ड गेला तर बदलता येतो. त्या 56 लाखांनी काय बदलायचं?

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या मुलाचं म्हणणं, की आई, ओटीपीही काही फार शहाणा नाही, सिमकार्डच दुसऱ्याने काढलं की संपलं. पण निदान तो एकदाच वापरायचा असतो. मी त्याला माझ्या भाषेत सांगितलं. अंगठा हा खाते क्रमांक आहे. पासबुकावर छापा, पाटीवर लिहा, हरकत नाही. त्याला तिजोरीची चावी केलंत तिथे घोळ झाला. यावर आम्हा दोघांचं एकमत झालं, हे आमच्या घरात क्वचित घडतं.

आणि नुकसान कुणाचं, हा तर बँकिंगमधला पहिला धडा. 1987 साली कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खोट्या सहीच्या चेकवर पैसे दिले तर बँकेने दिले. खातेदाराने पासबुक वेळेवर पाहिलं नाही एवढ्याने बँक सुटत नाही. सही तपासणं हे बँकेचं काम होतं. आता सगळीकडे पाट्या लागल्या आहेत: ओटीपी सांगू नका, पिन सांगू नका, सावध राहा. वाक्यागणिक काम गिऱ्हाइकाकडे सरकत गेलं आहे. मजा म्हणजे नियम अजून तसा सरकलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे, की चूक खातेदाराची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. मात्र चूक तिसऱ्याच कुणाची असेल तर पूर्ण भरपाईसाठी तीन कामाच्या दिवसांत कळवायचं. आजींना मेसेज वाचता येत नाही, पासबुक त्या महिन्यातून एकदा भरतात. हे तीन दिवस कुणाला डोळ्यांसमोर ठेवून ठरवले असतील?

मी अर्ज लिहिला. ड्राफ्टिंगचा हात अजून शाबूत आहे. शाखेने टोलवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो आणि काही महिन्यांनी पैसे परत आले. ठसा कुठून उचलला गेला हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. आजींच्या भावकीत मागे वाटणीपत्र झालं होतं, तिथून असेल, नसेलही.

त्यानंतर मी आजींचं आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं. मोबाइलवर होतं ते. ठसा कुणाकडेही असो, कुलूप लागलं की चालत नाही. मी स्वतःवर खूश होते. महिन्याच्या सुरुवातीला रेशन दुकानदाराचा निरोप आला, आजींचा अंगठा बंद दाखवतोय, धान्य मिळणार नाही. कुलूप एकच, ते चोरालाही लागतं आणि तांदळालाही. थोड्या वेळापुरतं उघडता येतं, पण त्याचा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल इचलकरंजीला असलेल्या पुतण्याचा. तो यंत्रमागावर, खडखडाटात फोन ऐकू येत नाही. दुकानाचा सर्व्हर सकाळी चालतो, पुतण्याची पाळी सकाळचीच. काही महिने आम्ही हा खेळ केला. शेवटी आजी म्हणाल्या, "बाई, ते कुलूप काढून टाका. चोर कवातरी यील, पोट रोज हाय."

काढलं. मग दुसरा बंदोबस्त केला. खात्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवायचे आणि बाकीचे मुदत ठेवीत, म्हणजे दुकानातल्या काचेचा हात तिथवर पोचत नाही. ठेवीची पावती करायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने विचारलं, आजींचं सोयीचं होईल, मोबाइल बँकिंग पण चालू करून देऊ का? आजींच्या आधी मीच नको म्हणाले.