सेवाभाव पुरत नाही

मुलगी नर्सिंगला जाते म्हटलं की आपल्याकडे दोनपैकी एक गोष्ट हमखास ऐकू येते. एमबीबीएसला नंबर लागला नसेल, ही एक. किती सेवाभावी मुलगी आहे, ही दुसरी. पहिलीचा राग येतो, दुसरीने बरं वाटतं. बीएस्सी नर्सिंगचं पहिलं वर्ष शिकताना मात्र माझी खात्री होत चालली आहे की जास्त नुकसान दुसरीच करते. डॉक्टर होता आलं नाही म्हणून इकडे आलेली मुलगी मन लावून शिकली तर उत्तम परिचारिका होऊ शकते. पण अंगी सेवाभाव असला की झालं, असं समाज एकदा धरून चालला, की नर्सला शिकवताना, नेमताना आणि पगार देताना तो हात आखडता घेतो. रुग्णाकडे नीट पाहायचं, जे दिसलं त्याचा अर्थ लावायचा आणि वेळेत हालचाल करायची, या कामासाठी मी नर्सिंग निवडलं. या कामाला बुद्धी लागते आणि ते शिकावं लागतं, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

पहिल्या वर्षी आम्हाला जे शिकवतात ते बाहेरून पाहणाऱ्याला घरकामासारखं वाटेल: खाट लावणं, अंग पुसणं, कूस बदलणं, टीपीआर म्हणजे ताप, नाडी आणि श्वास मोजणं. पण श्वास मोजण्याचंच घ्या. तो रुग्णाला सांगून मोजायचा नसतो, कारण कुणी पाहतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच धरून ठेवायचं आणि नजर छातीकडे न्यायची, पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसात हा आकडा साधारण १२ ते २० असतो. तो चढू लागला, तर पुष्कळदा रक्तदाब कोसळण्याच्या आधीच प्रकृती बिघडत असल्याची ती खूण असते. चार्टवर अंदाजाने २० लिहून टाकणं फार सोपं आहे, आणि तसं लिहिलं की ती खूण हातची जाते. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, त्यालाही टापटिपीपेक्षा मोठं कारण आहे. न हलणाऱ्या रुग्णाच्या माकडहाडावर आणि टाचांवर सतत दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा कमी पडतो, ओल आणि घर्षण त्यात भर घालतात, आणि कातडी मरू लागते. दाबून पाहिल्यावरही न जाणारी लाली ही बेडसोरची पहिली पायरी. पण सावळ्या कातडीवर ती लाली दिसेलच असं नाही. तिथे बोटांनी पाहावं लागतं, की शेजारच्या भागापेक्षा ही जागा गरम लागते का, टणक लागते का. मायेने हात फिरवणाऱ्या नातेवाइकाला हे कळत नाही, कारण ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

या पाहण्याने जीव वाचतात, याला पुरावाही आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासात, पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे ही शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी दिसली. चांगल्या रुग्णालयात इतरही गोष्टी चांगल्या असतात, मग श्रेय नर्सलाच का, असा आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. संशोधकांनी रुग्णांची अवस्था आणि रुग्णालयांचं स्वरूप हिशेबात धरलं होतं, तरी असे अभ्यास कार्यकारणभावाचा शेवटचा शब्द ठरत नाहीत. पण ज्या नर्सला प्रत्येक खाटेपाशी पूर्ण मिनिटभर थांबता येत नाही तिच्या नजरेतून काय निसटेल, हे कळायला मोठा अभ्यास लागत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी. सरकारी रुग्णालयात सोबतीला राहिलेल्या कुणालाही विचारा, रात्रपाळीला वॉर्डात किती सिस्टर होत्या.

यावर कुणी म्हणेल, मग करुणेला काही किंमतच नाही का? आहे, आणि मोठी आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांची शुश्रूषा सहकारी परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्याचं मनापासून कौतुक केलं. ते प्रेमाशिवाय झालं नसतं. पण इतकी वर्षं कातडी शाबूत ठेवायची तर पाळीमागून पाळी, न चुकता, तंत्रशुद्ध काम व्हावं लागतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा आपण शपथविधीला लावतो. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे तिने आकडे मांडून आणि आकृत्या काढून सरकारला पटवलं, ते मात्र समारंभात क्वचितच सांगितलं जातं. तिची करुणा खरी होती, पण सुधारणा त्या आकड्यांमुळे झाल्या.

दुसरा आक्षेप पगाराचा, आणि तो मला जास्त बोचतो. एवढं शिकून खासगी रुग्णालयात तुटपुंज्या पगारावर राबायचं, तर हा शहाणपणाचा निर्णय कसा? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही दरमहा किमान २० हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारस सगळीकडे अमलात आलेली नाही, हे मी नाकारत नाही. पण पगार कमी म्हणून काम हलकं ठरत नाही. उलट काम हलकं मानलं जातं म्हणून पगार कमी राहतो, आणि सेवेचा मोबदला काय मागायचा, या संकोचाने आपणच त्याला हातभार लावतो.

बारावीनंतर नर्सिंगचा विचार करणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना माझी एकच विनंती आहे. फी आणि हॉस्टेल विचारून परत येऊ नका. कॉलेजच्या रुग्णालयात किती खाटा आहेत, त्यावर खरोखर रुग्ण असतात का, आणि वॉर्डात विद्यार्थ्यांसोबत शिकवणाऱ्या मॅडम किंवा सर उभे असतात का, हे स्वतः जाऊन पाहा. खाटा रिकाम्या दिसल्या तर तिथे प्रवेश घेऊ नका.