कमांडो कुणाचे भारी?

कुठे काही घडलं, टीव्हीवर कमांडो दिसले, की दोन दिवसांत ती यादी फिरायला लागते. जगातल्या टॉप टेन स्पेशल फोर्सेस. एक नंबरला अमेरिकेची डेल्टा नाहीतर नेव्ही सील, मग ब्रिटनची एसएएस, मग इस्रायलची सायरेत मटकाल. त्यावर आपली मंडळी खवळतात. मार्कोस कुठे आहेत? पॅरा एसएफला का वगळलं? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात यावरून रात्री साडेअकरापर्यंत जुंपली होती.

मला या विषयावर वाचायचा जुना नाद आहे, म्हणून चार शब्द लिहितो. जवान किती किलोमीटर धावतो, किती मिनिटं श्वास रोखतो, यावर या याद्या बनतात. पण ओलीस सुटणार की मरणार, हे बऱ्याचदा जवान दारापर्यंत पोचायच्या आधीच ठरलेलं असतं.

१९८० चंच बघा. डेल्टा फोर्स १९७७ मध्ये उभी राहिली. ती उभारणारे चार्ल्स बेकविथ स्वतः काही काळ एसएएसमध्ये राहून शिकून आलेले. म्हणजे यादीतला एक नंबर हा दोन नंबरचा चेला! एप्रिल १९८० मध्ये तेहरानच्या वकिलातीतले अमेरिकी ओलीस सोडवायला डेल्टा निघाली. आठ हेलिकॉप्टरं पाठवली होती, मोहिमेला किमान सहा लागणार होती. इराणच्या वाळवंटात ठरलेल्या जागी धड अवस्थेत पाचच उरली. मोहीम रद्द. परत निघताना एक हेलिकॉप्टर मालवाहू विमानावर आदळलं आणि आठ जण गेले. डेल्टाचे जवान तेहरानला पोचलेच नाहीत.

यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ५ मे रोजी, लंडनमध्ये एसएएसने इराणच्याच वकिलातीत शिरून १७ मिनिटांत कारवाई संपवली. सगळं जगभर टीव्हीवर दिसलं. मग एसएएस भारी आणि डेल्टा हलकी का? तसं नाही. एसएएसला स्वतःच्याच राजधानीतली इमारत होती आणि तयारीला सहा दिवस मिळाले. डेल्टाला वाळवंट ओलांडून परक्या राजधानीत शिरायचं होतं. अमेरिकेने त्यातून धडा घेतला, अशा मोहिमांसाठी हेलिकॉप्टरचं वेगळं दलच तयार केलं. २०११ मध्ये अबोटाबादला ऐन वेळी एक हेलिकॉप्टर पडलं, तरी काम झालं. कारण जादाची हेलिकॉप्टरं जवळच तयार ठेवली होती.

आता आपल्याकडे या. १९९३ च्या एप्रिलमध्ये इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून अमृतसरला उतरवलं गेलं. विमान कित्येक तास तिथेच उभं होतं. एनएसजी आली, मध्यरात्रीनंतर आत शिरली आणि काही मिनिटांत विषय संपला. १४१ जण सुखरूप! डिसेंबर १९९९ मध्ये आयसी ८१४ त्याच अमृतसरला उतरलं, पाऊण तास थांबलं. वरचे निर्णय होईनात, एनएसजी वेळेत पोचेना. विमान उडालं ते शेवटी कंदाहारला गेलं. पुढे आपण काय किंमत मोजली ते सगळ्यांना माहीत आहे. विमानतळ तोच, फोर्स तीच. मग सहा वर्षांत कमांडो कच्चे झाले होते का?

आणि २६/११. हल्ला रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झाला. एनएसजी मानेसरला, न्यायचं विमान चंदीगडला. विमान दिल्लीला आलं, माणसं चढली, पहाटे मुंबईत उतरली, तिथून बसने दक्षिण मुंबईत. प्रत्यक्ष कारवाई सुरू व्हायला सकाळ उजाडली. तोवर मार्कोसची छोटी तुकडी ताजमध्ये शिरली होती, पण बाकी रात्र काढली ती आपल्या पोलिसांनी. तुकाराम ओंबळेंनी गिरगाव चौपाटीजवळ कसाबची बंदूक धरली तेव्हा त्यांच्या हातात काठी होती. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंदरसिंह बिश्त यांनी जीव दिला. त्यांच्या हिमतीत काही कमी नव्हतं. कमी पडलं ते विमान, अंतर आणि निर्णय.

यात आपलाही वाटा आहे बरं का. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी पोलीस गच्चीवरून चढताना टीव्हीवर दिसत होते आणि आत दहशतवादीही तोच टीव्ही बघत होते. तो बेत सोडून द्यावा लागला. त्या सगळ्या प्रकरणात ११ इस्रायली गेले. जर्मनीने त्यातून जीएसजी-९ उभारली आणि १९७७ मध्ये मोगादिशूला त्याच फोर्सने विमानातले सगळे ८६ ओलीस सोडवले. पण टीव्हीचा धडा आपण ३६ वर्षांनीही घेतला नव्हता. नरिमन हाऊसवर उतरणारे कमांडो आपण घरी बसून लाइव्ह पाहिले आणि कराचीत बसून फोनवरून हुकूम देणाऱ्यांनीही पाहिले. पुढे सुप्रीम कोर्टाने वाहिन्यांना त्याबद्दल खडे बोल सुनावले. आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

मुंबईला नंतर एनएसजीचा तळ मिळाला, राज्याने फोर्स वन उभी केली. चांगलंच झालं. पण ही फोर्स किती भारी, याच्या गप्पा मारण्यापेक्षा आपल्या आमदार-खासदारांना साधं विचारूया. सराव वेळेवर होतो का? गाडी, हेलिकॉप्टर तयार असतं का? रात्री साडेनऊला हुकूम कोण देणार, हे आधी ठरलंय का? आणि नाक्यावरच्या हवालदाराला, जो सगळ्यात आधी पोचणार आहे, त्याला धड जॅकेट दिलंय का?

आणि तसा प्रसंग आलाच तर मोबाईल खिशात ठेवायचा. तेवढं तर आपल्या हातात आहे.